साडूंचं जपान

जगातली कुठली गोष्ट नेमकी कुठल्या दिवशी बिघडली, हे बिनचूक सांगू शकणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जालना जिल्हा झाला त्याच साली माझं लग्न झालं. मी बाशिंग बांधून बसलेलो, तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ खिशाला स्क्रू ड्रायव्हर लावून माझ्याजवळ आले, मांडवातल्या भोंग्याकडं दुःखानं पाहिलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुम्हाला उशीर झाला. चांगली लग्नं चार-पाच सालामागंच सरली." नवरदेवाला द्यायच्या या शुभेच्छा! पुढं कळलं की हे त्यांचं नेहमीचंच आहे. रेडिओ बिघडला तो व्हॉल्व्हचे सेट गेले त्या दिवशी. भोकरदनच्या बाजारातली भजी बिघडली ती भजीवाल्याच्या थोरल्या पोराचं लग्न झालं त्या दिवशी. त्या लग्नाचा आणि भज्यांचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आणि अशा माणसाला देवानं धंदा दिला तो दुरुस्तीचा! भोकरदनला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हात असा की मेलेला सेट उठून बोलावा. पण परत देताना गिऱ्हाइकाला सांगायचे, "नीट झालाय, पण पहिल्यासारखा व्हणार न्हाई." गिऱ्हाईक बिचारं घरी जाऊन चांगल्या चित्रात खोट शोधत बसायचं.

या सगळ्या दुःखांवर कळस म्हणजे जपानी कार्टून. हसू नका. भोकरदनचा माणूस, शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी, आणि त्याच्या जिवाला घोर काय, तर जपानी कार्टून पहिल्यासारखी राहिली नाहीत! झालं असं की नव्वदीच्या सुरुवातीला रविवारी सकाळी टीव्हीवर एक जपानी मालिका लागायची, हिंदी आवाज भरलेली. डोंगरात टपाल वाटणारा एक म्हातारा आणि त्याचं खेचर. बस्स, एवढंच. साडू सेट तपासायला म्हणून ती बघायला लागले आणि कायमचे अडकले. मग दुरुस्तीला आलेला कुठलाही टीव्ही रविवारच्या आत परत जाईना. रविवारी सकाळी दुकानातले सातही सेट एकदम लागायचे आणि सात खेचरं सात डोंगर चढायची. ज्यांचे टीव्ही अडकून पडलेले ते मालक बाकड्यावर गप बसून बघायचे, कारण कार्टून चालू असताना बोलायची सक्त मनाई. त्या डोंगरात सारखं बर्फ पडायचं आणि आपल्याकडच्या टीव्हीला सारख्या मुंग्या यायच्या. साडू म्हणत, "बर्फ कोणचं आन् मुंग्या कोणच्या, हे ज्याला वळखता आलं, त्यो खरा मेकॅनिक."

त्या मालिकेतल्या एका भागात खेचर पावसात उभं असतं. म्हातारा एका घरात वाईट बातमीचं पत्र द्यायला गेलेला, आणि बाहेर हे उभं. पूर्ण एक मिनिट. ना संगीत, ना बोलणं. साडूंनी घड्याळ लावून मोजलं होतं. "एक मिनिट कायीच व्हत न्हाई, साडूभाऊ! हिंमत लागती त्याला. हातानं एकेक चित्र काढायचं आन् कायी घडू द्यायचं न्हाई!" हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि आपण बरोबर वेळी सुस्कारा सोडला नाही तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. तीर्थपुरीला आमच्या बायकांच्या मामेभावाचं लग्न होतं, नेमकं रविवारी सकाळी. ऐन घटकेला साडूंनी माझ्या दंडाला धरलं आणि गल्लीतल्या एका अनोळखी घरात नेलं. त्या लोकांना वाटलं, आम्ही पाणी प्यायला आलोत. साडू सरळ माळवदावर चढले, न विचारता अँटेना फिरवली, खाली येऊन घरच्यांच्याच सतरंजीवर बसले. तिकडून मंगलाष्टकं ऐकू येत होती, इकडं खेचर ओढा ओलांडत होतं आणि माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. त्यापायी माझी बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. साडूंना काय, ते म्हणाले, "त्या घरचं चित्र बघितलं का? आपण गेल्तो म्हणून बरं झालं. नुसत्या मुंग्या व्हत्या."

मालिका संपली. पुढं केबल आलं, आणि दिवसभर कार्टून दाखवणारे चॅनेल आले. त्यात जपानी माल भरपूर, पण नवा. टोकदार केसांची पोरं, हातातून निघणारे उजेड, आरडाओरडा. साडूंनी आठ दिवस इमानानं बघितलं आणि मला जालन्याला हापिसात फोन केला. आवाज असा की मला वाटलं घरात कुणी गेलं. म्हणाले, "साडूभाऊ, जपान बिघडलं." मी पाटबंधारे खात्यातला कारकून, जपान बिघडल्यावर मी काय करावं? पण पुढच्या भेटीत मला अख्खी दुपार ऐकावं लागलं. रंग म्हणे प्लॅस्टिकच्या बादलीसारखे. एक गडी चार दिवसांपासून नुसती मूठ आवळून उभा. मी म्हणालो, "अहो, तुमचं खेचरही उभंच होतं की!" त्यावर ते इतके चिडले की हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "त्ये थांबणं व्हतं. ह्यो टाइमपास हाये! फरक कळून न्हाई राह्यला का तुम्हाला?" त्यांचं म्हणणं असं की पहिले जपानी आपल्यापुरतं काढायचे, ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. आता ते अमेरिकेचं गिऱ्हाईक डोळ्यांपुढं ठेवून माल काढतात. अमेरिकेच्या पोरांना दम निघत नाही, म्हणून हा सगळा दंगा. मी विचारलं, "पण अमेरिकेच्या पोरांना जुनं कळलं असतं का?" तर म्हणाले, "मला भोकरदनात कळलं. मंग त्यांला कामून कळणार न्हाई?"

आता हा वाद एवढ्यावरच राहिला असता तर मी हसून सोडून दिला असता. पण अमेरिकेचं एक पोर त्यांच्या घरचंच होतं. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन तिकडं गेलेली, आणि तिची मुलगी, साडूंची नात, तेव्हा आठ वर्षांची. दर रविवारी सकाळी तिकडून फोन यायचा. लेक बोलायची, अक्का, म्हणजे साडूंच्या बायको, बोलायच्या, मग नातीच्या हातात फोन दिला जायचा. "हाय आजोबा." "हाय बेटा. जेवलीस का?" "हो." की संपलं. साडू फोन कानाला धरून तसेच उभे राहायचे आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. फोन ठेवल्यावर ते दुकानात जाऊन उगाच एखादा चालता सेट उघडून बसायचे. मला एकदा म्हणाले, "तिला इचारायला माझ्याकडं दुसरं कायी न्हाईच, साडूभाऊ. जेवलीस का, एवढंच हाये."

अशात एका रविवारी लेकीनं तक्रार केली की ही पोरगी दिवसभर जपानी कार्टून बघत बसते. साडूंनी फोनवरच टाळी मारली. "माझं रक्त हाये!" पुढच्या रविवारी दोघं पहिल्यांदा दहा मिनिटं बोलले. पोरीनं त्यांना सांगितलं की त्याला कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं. कुठलं बघतेस, हेही सांगितलं. ते नेमकं मूठ आवळणाऱ्या गड्याचं निघालं. शहाण्या माणसानं इथं 'वा वा' म्हणून वेळ मारून नेली असती. आमचे साडू शहाणे असते तर मग काय पाहिजे होतं! त्यांनी त्या आठ वर्षांच्या लेकराला, रंग कसे भिकार आहेत, पाठीमागचं डोंगराचं चित्र कसं तेच तेच फिरवतात, सगळं साग्रसंगीत सांगितलं. पोरगी ऐकून घेऊन म्हणाली, "आजोबा, तुला नाही आवडत तर तू नको बघू." आणि फोन आईला देऊन टाकला. पुढचे चार रविवार ती फोनवर आली नाही. अक्कांनी मात्र घर डोक्यावर घेतलं. "लेकराशी भांडता व्हय? जपानचं काय वतन दिलंय का तुम्हाला?"

साडू बिचारे खचले. पण माघार म्हणून घेतील तर शपथ. त्यांनी ठरवलं की पोरीचा दोष नाही, तिनं जुनं पाहिलेलंच नाही. खेचराच्या मालिकेचे सगळे भाग त्यांनी त्या काळी व्हीसीआर लावून टेपांवर उतरवून घेतले होते. जालन्यातलं कुणीतरी अमेरिकेला निघालेलं, त्याच्या बॅगेत त्या सगळ्या टेपा घातल्या. माझ्यासमोर एकेक टेप फडक्यानं पुसली. मग पंधरा दिवस त्यांना घास गोड लागला नाही. अखेर मी भोकरदनला असतानाच लेकीचा फोन आला, की बाबा, इकडची टीव्हीची पद्धतच वेगळी, आपल्या टेपा इकडच्या व्हीसीआरवर चालत नाहीत, नुसते पट्टे फिरतात. आणि चालल्या असत्या तरी हिंदी तिला कुठं कळतं? साडू माझ्याकडं वळून म्हणाले, "तालुक्यातल्या हर एक टीव्हीचं पोट मी उघडलंय. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर मी हसलो असतो त्याला." त्या दिवशी त्यांनी कुठल्याच गोष्टीला नावं ठेवली नाहीत, आणि तेच मला भयंकर वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात लेक आणि नात तीन आठवडे भोकरदनला आल्या. येताना लेकीनं शहाणपणानं टेपा परत आणल्या होत्या. साडूंनी व्हीसीआरचं हेड स्पिरिटनं पुसलं, खिडक्यांना चादरी लावल्या, पोरीला मधोमध लोडाला टेकवून बसवलं आणि तो भाग लावला. स्वतः शेजारी बसून हळू आवाजात प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते. पोरगी गुणी, निमूट बघत होती. मग पाऊस आला, खेचर उभं राहिलं आणि ते मिनिट सुरू झालं. मी पाहिलं, साडू पडद्याकडं नव्हे, पोरीकडं बघत होते. दहा-पंधरा सेकंद गेले असतील. पोरगी उठली, व्हीसीआरपाशी गेली, वरून त्याला दोन टपल्या मारल्या आणि म्हणाली, "आजोबा, अडकलं."

साडू म्हणाले, "न्हाई बेटा. अडकलं न्हाई."

"मग काय झालं?"

"कायी झालं न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं टेप बंद केली. मला त्या पोरीचा राग आला, लगेच त्या रागाची लाजही वाटली. तिनं काय वाईट केलं होतं? आजोबांचं यंत्र बंद पडलं असं वाटून ती मदतीलाच उठली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी केबलवर तिचं कार्टून लागलं. साडू आत आले आणि तिच्या मागं खुर्ची घेऊन बसले. हिंदी आवाजामुळं पोरीला शब्द कळत नव्हते, पण गोष्ट तिला तोंडपाठ. आजोबांना हिंदी कळत होतं, पण गोष्ट कळत नव्हती. तेव्हा ती तोडक्यामोडक्या मराठीत समजावू लागली. "हा वाईट आहे. पण आतून नाही वाईट." "मंग त्यो रडून कामून राह्यला?" "कारण त्याचा भाऊ त्याला विसरला." कार्टून चालू असताना खोकणाऱ्यालाही बाहेर काढणारा हा माणूस तीन आठवडे त्या पोरीची बडबड जिवाचा कान करून ऐकत होता. तिकडच्या शनिवारच्या मराठी शाळेत जमलं नाही ते तिला इथं तीन आठवड्यांत जमलं. परत गेल्यावर आईला सारखं 'कामून' विचारायला लागली. मग रविवारचे फोन अर्धा-अर्धा तास चालू लागले. तिकडं गोष्ट पुढं गेलेली, इकडं मागं. ती विचारायची, आजोबा, कुठपर्यंत आलास, आणि पुढचं सांगायची नाही. साडू रोज न चुकता बघायचे. मी कधी विचारलं, "काय, आलं का नवं जुन्याच्या तोडीला?" तर तोंड वाकडं करून म्हणायचे, "बिलकुल न्हाई. पार बेक्कार. पण रविवारी ती इचारती ना."

अशी चार-पाच वर्षं गेली. गेल्या साली मी असाच रविवारी भोकरदनला गेलो होतो. दुकान आता बंद झालंय. बिघडलेला टीव्ही कुणी नीट करत नाही, नवा आणतात. साडू फोनपाशीच बसलेले, काहीतरी मोठं सांगायचं आहे असा चेहरा. फोन वाजल्याबरोबर उचलला. "बेटा, काल शेवटचा भाग झाला! बघितला मी!" मग ते ऐकत राहिले. फार वेळ नाही. "हां. हां, बराबर हाये. अभ्यास कर," म्हणाले आणि फोन अक्कांच्या हातात दिला. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "ती आता बघत न्हाई म्हणली. लहान पोरांचं हाये म्हणली. गोड बोलली, तसं कायी न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "शेवट लई चांगला केला व्हता, साडूभाऊ."

सत्तावीस वर्षांत नव्या गोष्टीला त्यांनी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "जुन्याच्या तोडीचा?" मी विचारलं.

"त्याच्या वर म्हणा. पण आता सांगायचा कोणाला?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "मला सांगा."

"तुम्हाला पहिल्यापास्नं सांगावं लागंल."

"लागू द्या."

मग त्यांनी सुरुवात केली. कोण कुणाचा भाऊ, कुणाचं गाव जळालं, कोण मेला आणि परत कसा आला. दुपारची जेवणं झाली, माझी जालन्याची पाचची गाडी गेली, तिच्यामागची गेली. अक्का दोनदा चहा ठेवून गेल्या. हातवारे करून सांगता सांगता साडू मधेच थांबले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "समजलं का, बेटा?" आपण काय म्हणालो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मी म्हणालो, "समजलं. पुढं?"