लवूचं गाऱ्हाणं

लवूला कॅनडाला परत जायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट होती, आणि ती कुणाला कळायला हवी होती तर मला. मला कळली नाही. पुढे मी माझीच बाजू घेऊन बोलू लागलो तर हे ध्यानात ठेवा.

लवू परब माझा शेजारी. मालवणच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. मी शाळामास्तर. आमच्या घरांच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे, त्यावर हात टेकून आम्ही चाळीस वर्षं भांडलो. लवूची बायको, सुशीलावहिनी, गेल्या आणि सहा वर्षांपूर्वी मुलगा दत्तप्रसाद लवूला आपल्याकडे घेऊन गेला. घराची चावी माझ्याकडे राहिली.

तिथून लवू रोज वाडीच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. "सकाळी मॉलात चलूक गेलेलंय. भायर बर्फ, पन आत गरम. दुकाना उघडूच्या आधी आमी म्हातारे चार फेरे मारतो. मगे कॉफी. मजेत आसंय." दुसऱ्या दिवशी वाचनालय, तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांची फुकट बस. एकदा तर तरणतलावात उतरण्याआधी तिथल्या पोरीने त्याची पोहण्याची परीक्षा घेतली. कर्लीच्या खाडीत भर भरतीला उडी मारणाऱ्या लवूची परीक्षा! "पास झालंय," असं त्याने कळवलं आणि वाडी आठवडाभर हसली.

मला मात्र राग यायचा. मी इथे गुडघे चोळत दळण आणायला जातोय आणि हा गरम पाण्यात डुंबतोय. मी कधी चार शब्द उलट पाठवले नाहीत, नुसतं अंगठ्याचं चित्र टाकायचो. सहा वर्षांत त्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या माणसाचा आवाज एकदाही आला नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण पोटात दुखत असलं की कान नीट चालत नाहीत.

गेल्या जत्रेला बापलेक पंधरा दिवसांसाठी आले. लवू वाळून गेला होता. आल्या आल्या त्याने घर झाडलं, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा बंद पंप खोलून बसला.

"बाबा, कशाला? पंधरा दिवसांचा तर प्रश्न," दत्तप्रसाद म्हणाला.

लवू पंप चालू करूनच उठला.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो गडग्याशी आला. "धोंडू, उद्या गाऱ्हाणा तूच घालतलंस मा?"

"मीच. दुसरो कोन आसा?"

"माझा एक घाल. आमच्या दत्तप्रसादाच्या समोर."

"काय म्हनान घालू?"

"तुका म्हायत नाय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला घाई होती, फुलं आणायची होती. "म्हायत आसा. जा, जेव जा," मी म्हणालो.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून एकाने सगळ्यांच्या वतीने बोलायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. जे बापाला मुलापुढे सांगायची लाज वाटते, ते तिथे सांगता येतं, कारण ते देवाला सांगितलेलं असतं. ऐकणाऱ्याने "व्हय" म्हटलं की तो बांधला गेला. लवूचा बेत तोच होता. दत्तप्रसादच्या तोंडून एक "व्हय" काढायचा. आयुष्यभर बसचं इंजिन उघडून बसलेल्या माणसाला पोराजवळ तोंड उघडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळात सगळी वाडी जमली. घराघरांची गाऱ्हाणी झाली आणि मी लवूचं घेतलं.

"बा देवा रवळनाथा, तुझो ह्यो लवू सातासमुद्रापलीकडसून तुझ्या पायाकडे इलो हा."

"व्हय म्हाराजा."

"थंय तो झिलाकडे सुखात आसा. गरम पान्यात पेवता, थंडीत मॉलात चलता."

लोक हसले. तो टोमणाच होता. देवासमोरही मला राहवलं नाही.

"तेका असोच थंय सुखात ठेव. म्हातारपनात हंय-थंय धावूची पाळी हाडू नको. तेचो पाय थंय कॅनडातच घट रवांदे."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं. त्यात मागून लवूचा आवाज मी ओळखला. साठ वर्षांची सवय, वाक्य संपलं की तोंड आपसूक उघडतं. मला तेव्हा बरंच वाटलं. दत्तप्रसाद मोबाइलवर सगळं टिपत होता, त्याने डोळे पुसले.

सकाळी लवू गडग्याशी उभा होता. "धोंडू, माका हंय रवाचा होता रे."

"आज परत घालूया. दत्ताक घेवन चल," मी म्हणालो.

"देवाक काय सांगतलंस, काल चुकलंय म्हनान? सगळ्या गावान व्हय म्हटला. मी पन म्हटलंय."

मी तरी दत्तप्रसादकडे गेलो. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "काका, काल माझ्या मनावरचं ओझं उतरलं. बाबांचं मन तिथे लागत नाही, अशी मला सारखी शंका यायची." त्याच्या मागे दारात लवू उभा होता आणि मला मानेने नको म्हणत होता. मी चहा पिऊन परत आलो. त्याला भ्याडपणाशिवाय दुसरं नाव नाही.

ते गेले. चावी पुन्हा माझ्याकडे आली. पंप मी आठवड्यातून एकदा चालवतो, नाहीतर धरून बसेल.

लवूची रेकॉर्डिंगं आता येत नाहीत. मागच्या महिन्यात मी दत्तप्रसादला फोन केला. "बाबा मजेत आहेत," तो म्हणाला. "मॉलमध्ये जायचा कंटाळा करतात. पण तुमचं गाऱ्हाणं मी त्यांच्या फोनवर घालून दिलंय ना, ते रोज सकाळी लावतात. आणि काका, गंमत म्हणजे शेवटी हात जोडून मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणतात."