काठी गप्प का होती

मुलांनो, तुमच्या धाकट्या आजीला, म्हणजे माझ्या जावेला, नवी काठी मिळाल्याचं मी सांगितलं होतं. फोनवर ती हकीकत अर्धीच राहते, म्हणून लिहून पाठवते.

काचबिंदूने तिची नजर पूर्ण गेली, तेव्हा तुमच्या काकाने, तिच्या लेकाने, स्पष्ट सांगितलं, "आये, घरापासून फाट्यापर्यंत एकटी जाऊन ये. जमलं तर ऱ्हा इथं. नाय तर कल्याणला चल माझ्याकडं." तिला टोकावड्याजवळचं हे घर आणि म्हैस सोडून तिसऱ्या मजल्यावर जायचं नव्हतं.

काठी तिला मुरबाडच्या शिबिरात मिळाली. दिसायला साधी पांढरी, पण मुठीत यंत्र. खड्डा, दगड, पायरी काठीचं टोक सांगतं; गुडघ्याच्या वर काही आडवं आलं की मूठ थरथरते. वस्तू लांब असली तर हळू, जवळ आली की भराभर. शिबिरात हिने ते इतक्या लवकर आत्मसात केलं की मी बघत राहिले.

गावात मात्र काठी गप्प. ती देवळापर्यंत गेली, मूठ एकदाही थरथरली नाही.

"ताई, मेली वाटतं ही," ती हिरमुसून म्हणाली.

मी चार्जिंग पाहिलं, भिंतीसमोर धरली. उत्तम चालत होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागून गेले, तेव्हा उलगडा झाला. ती येताना दिसली की कोणी मोटारसायकल बाजूला घेई, कोणी वाळत घातलेली लुगडी उचली, कोणी म्हैस ओढून नेई. सगळं बिनबोभाट, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

मी तिला सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

"कोन हाय रे इथं? बोला."

शेवटी शेजारचे म्हातारे भावजी म्हणाले, "मी हाय. म्हस आडवी व्हती, नेली बाजूला."

"परत बांधा तिथंच. फाट्यावरचा ट्रक पन तुमीच ढकलनार काय?"

"तुझ्या तोंडापुढं ट्रक आपनच सरकंल गो," भावजी म्हणाले. सगळी आळी हसली.

त्यानंतर कोणी काही हलवलं नाही. उलट एकाने मुद्दाम खाट आडवी टाकली आणि तिची बोलणी खाल्ली. हळूहळू तिचा हात तयार झाला. समोर भिंत असली की मूठ एकसारखी थरथरते, म्हैस असली की ती मान हलवते म्हणून थांबून थांबून, हे तिनेच मला समजावलं. मी डोळे मिटून करून पाहिलं. मला दोन्ही सारखंच लागलं.

रविवारी काका आला. ती निघाली. आम्ही लांबून बघत होतो, तोंडं घट्ट मिटून. काका पुढे जाऊन फाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध मुकाट उभा राहिला. ती त्याच्यापासून दोन हातांवर थांबली, मूठ जराशी डावीउजवीकडे फिरवली आणि त्याला वळसा घालून गेली. फाट्यावरच्या दुकानातून चहाची पूड घेतली. परत आली तरी तो तिथेच.

"अजून हितंच हाईस?" ती न थांबता म्हणाली. "चाय पिऊन निघ. कल्याणची गाडी चुकंल तुझी."