माळा आवरतेय!

दातांच्या दवाखान्यात सोळा वर्षं वही सांभाळणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली 'दातवाल्या वहिनी' म्हणायची. त्यांच्या स्वतःच्या दातांचा यात काही संबंध नव्हता. ते चारचौघांसारखेच होते, फक्त एक जरा बाहेर डोकवायचा. खरी करामत होती ती वहीत. कुणाची दाढ ठणकत असावी, डॉक्टरांचा दिवस गच्च भरलेला असावा, आणि वहिनींनी कानामागची पेन्सिल काढून म्हणावं, "साडेपाच आणि पावणेसहाच्या मध्ये एक फट आहे. त्यात बसवते तुम्हाला." आणि बसवायच्या. माणूस कितीही जाड असो.

घरी मात्र त्यांना स्वतःसाठी अशी फट कधी सापडली नाही.

घर तीन खोल्यांचं, माणसं चार, आणि वस्तू किती ते कुणालाच ठाऊक नाही. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. त्याचे पट्टे, चाकं, स्प्रिंगा सगळीकडे पसरलेल्या. एखादी गंजकी कडी टाकायला घेतली की तो धावत यायचा, "ठेव गं, कधीतरी लागेल." मुलगी दरवर्षी नवा छंद घ्यायची आणि जुना पलंगाखाली ढकलायची. तिथे बिनतारांची गिटार, एक चाक निखळलेले स्केट्स आणि स्वतः केलेली मातीची अकरा भांडी होती. त्यांतलं एकही सरळ उभं राहत नव्हतं. सासूबाई रिकाम्या बरण्या जमवायच्या. झाकणं वेगळी, बरण्या वेगळ्या, आणि दोघांचं एकमेकांशी सूत कधीच जुळलं नाही.

सासूबाईंना गेली काही वर्षं ऐकूही कमी यायचं. त्यांना एखादं काम सांगायचं तर तीनदा ओरडावं लागे. त्यापेक्षा ते आपणच उरकलेलं बरं, यावर घराचं एकमत झालं होतं. आता घरात 'आपण' म्हणजे वहिनीच, हे वेगळं सांगायला नको.

वहिनींचा खरा शत्रू म्हणजे 'च' आणि 'तर'. त्या पुस्तक घेऊन टेकल्या की मुलगी म्हणे, "आई, बसलीच आहेस तर एवढं बटण लावून दे ना." बटण शोधायला उठल्या की नवरा म्हणे, "उठलीच आहेस तर चहा टाक." चहा टाकायला गेल्या की सासूबाईंचा आवाज, "स्वयंपाकघरात गेलीच आहेस तर माझी ती निळी बरणी बघ." वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेत बाराव्या पानावर एका जमीनदाराचा खून झाला होता. तीन आठवडे झाले तरी त्याचं प्रेत अजून दिवाणखान्यातच पडलेलं होतं. वहिनींना पुढे जायला वेळच मिळेना.

मग एका रविवारी दुपारी त्या खरोखरच माळा आवरायला चढल्या. स्वयंपाकघराच्या वर, छताखाली कमरेएवढ्या उंचीचा माळा होता. शिडी लावून आत शिरल्या तर ट्रंका, गुंडाळलेल्या गाद्या, एक मेलेला टेबलफॅन आणि चिमूटभर उजेड देणारी एक जाळी. वहिनी जरा दम खायला गादीवर टेकल्या. तेवढ्यात खालून नवऱ्याची हाक आली.

"अगं, कुठे आहेस? माझा तो निळा शर्ट..."

"माळा आवरतेय!" वहिनी वरून ओरडल्या. "बरं झालं आलात, जरा वर या, ही ट्रंक धरा!"

खाली एकदम चिडीचूप. मग चोरपावलांनी कुणीतरी मागे सरकल्याचा आवाज. मग लांबून, अगदी गोड आवाजात, "नको नको, चालू दे तुझं. शर्ट सापडला."

शर्ट सापडला नव्हता. तो दोरीवर ओला होता. पण वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बसलेल्या बाईला कुणीही काम सांगतं, पण माळा आवरणाऱ्या बाईच्या आसपास कुत्रंसुद्धा फिरकत नाही!

पुढच्या रविवारपासून तीन ते पाच माळा आवरणं सुरू झालं. वर उशी गेली, बॅटरी गेली, शेंगदाण्यांचा डबा गेला, आणि जमीनदाराचा खून तर सगळ्यात आधी गेला. दर दहा मिनिटांनी वहिनी पायाने ट्रंकेला एक लाथ घालत. धडाम् असा आवाज झाला की खाली टीव्ही आपोआप हळू होई. अधूनमधून त्या "अरे देवा, किती ही धूळ!" असं म्हणत, आणि पान उलटत. कामाचा पुरावा म्हणून खाली येताना काहीतरी आणावं लागे. एकदा त्यांनी एक मोडकी छत्री आणली. नवरा हरखला, "अरे, ही कुठे होती? ठेव ठेव, कधीतरी लागेल!" पुढच्या रविवारी त्यांनी छत्री वर नेली आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत खाली आणली. चार वेळा आणली. चारही वेळा त्याला तेवढाच आनंद झाला.

असे दोन महिने गेले. माळा होता तेवढाच राहिला, पण वहिनींचं नाव झालं. सासूबाई जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या, "आमची सून रविवारीसुद्धा पाठ टेकत नाही हो." ऐकून वहिनींना लाज वाटायची, पण रविवार आला की शेंगदाणे भरून घ्यायच्या.

अशाच एका रविवारी घोळ झाला. समोर राहणाऱ्या ड्रॉइंगच्या मास्तरांचा दिवा गेला. त्यांनी शिडी मागितली. नवऱ्याने बायको वर आहे हे लक्षात न घेता शिडी उचलली आणि स्वतःही त्यांच्याकडे गेला, तो तिथेच गप्पांत रंगला. वहिनींना पत्ताच नाही. दुपारचं जेवण अंगावर आलं होतं, गादी मऊ होती. जमीनदाराच्या पुतण्याची उलटतपासणी चालू असतानाच त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती स्वतःच्याच घोरण्याने. आणि खाली बोलणं चालू होतं. मास्तरीणबाई शिडी परत द्यायला आल्या होत्या.

"शिडी आणलीच आहे तर," मास्तरीणबाई म्हणत होत्या, "मी म्हणते, जरा चढून माळाच बघून घेते. आमचाही असाच आवरायचाय. पण काय हो, हा आवाज कसला?"

"पंखा," सासूबाई ताडकन म्हणाल्या.

"माळ्यावर?"

"जुना आहे. घरघरतो."

वहिनी वर दगड होऊन पडल्या होत्या. घोरणं थांबलंय हे त्यांच्या ध्यानात आलं. पण पंखा असा एकाएकी कसा थांबेल? सासूबाई खोट्या पडतील! सुनेचं कर्तव्य म्हणून त्यांनी डोळे टक्क उघडे ठेवून पुन्हा घोरायला सुरुवात केली. घर्र. घर्र. अगदी एका लयीत.

"बंद तरी करा की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो हो, करते." सासूबाईंनी भिंतीवरचं कुठलंतरी बटण खटकन दाबलं. वहिनी थांबल्या. आधी हळू, मग आणखी हळू, मग एक शेवटची घर्र. पंखा थांबतो तसाच.

"आणि माळा आज नको," सासूबाईंनी शिडी हातातून काढून घेतली. "वर झुरळांचं औषध मारलंय. तुम्हाला आधीच दम्याचा त्रास."

"मला कुठे दमा आहे?"

"मग होईल!"

दार लागलं. मग शिडी माळ्याला टेकली आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई कण्हत कुथत वर आल्या. आधी पांढरा अंबाडा दिसला, मग चष्मा. चष्मा उशीवरून पुस्तकावर गेला, पुस्तकावरून शेंगदाण्यांच्या डब्यावर, आणि शेवटी सुनेवर येऊन थांबला.

"हे होय माळा आवरणं?"

"आई, म्हणजे त्याचं काय झालं..." "मी आजच जरा... डोळा लागला. चुकलं माझं."

"अगं, घोरणं म्हणू की काय म्हणू! बाहेरच्या खोलीत ऐकू येत होतं! मी विणकाम टाकून आले."

वहिनींनी मान खाली घातली. मग हळूच वर केली.

"आई," त्या अगदी पुटपुटत म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीत तुम्हाला ऐकू कसं आलं?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. मग कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही म्हटलं."

"काही नाही कसं? चांगलं विचारलंस की, कसं ऐकू..." आणि त्या थांबल्या.

आधी सासूबाईंचा अंबाडा हलायला लागला, मग खांदे, मग शिडी. वहिनींनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं, नाहीतर हसता हसता खालीच गेल्या असत्या.

"सात वर्षं झाली," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "एकदा सर्दीने कानांना दडे बसले होते. तो आठवडा इतका सुखात गेला! कान मोकळे झाले, पण मी कुणाला सांगितलंच नाही."

"आणि त्या निळ्या बरणीसाठी मी सात वर्षं घसा फोडतेय!"

"ऐकायचे की मी. पहिल्याच हाकेला." त्यांनी डब्यात हात घातला. "सरक जरा. इथे पाय लांब होत नाहीत."

पाय लांब होईनात म्हणून त्या दिवशी माळा पहिल्यांदा खरा आवरला गेला. दोघींनी मिळून मेलेला पंखा, फाटक्या गाद्या आणि तीन ट्रंकांतला पसारा खाली काढला. बरण्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने भंगारात दिल्या. एक बरणी मात्र दोनदा परत आणली.

नवरा घरी आला तेव्हा दारात ढीग आणि ढिगावर छत्री. त्याचा चेहरा उतरला. दोन दिवस तो घरात फुगून होता. तिसऱ्या दिवशी वहिनींनी त्याला समोर बसवून स्पष्टच सांगितलं, "अहो, रविवारी तीन ते पाच मी काही करत नाही. माळ्यावर असते. आजवर जे आवरत होते, ते हेच."

बायको दोन महिने फसवत होती याचं वाईट वाटायला हवं, एवढं त्याला कळत होतं. पण त्याने विचारलं ते वेगळंच.

"मग चहा?"

"साखर निळ्या झाकणाच्या डब्यात."

सासूबाईंचं गुपित वहिनींनी फोडलं नाही. गुडघ्यांमुळे त्या पुन्हा माळ्यावर चढल्या नाहीत. आपल्या खोलीत दार लोटून बसल्या आणि हाकांना दाद देईनाशा झाल्या. पुढच्या रविवारी नवरा चहाला उभा राहिला. त्याने आठ डबे उघडले, लेकीला हाक मारली, आईला तीन हाका मारल्या, शेवटी छताकडे तोंड करून म्हणाला, "वर आहेसच तर एवढं सांग..."

वरून पान उलटल्याचा आवाज तेवढा आला. तो मुकाट्याने चपला घालून दुकानातून साखर घेऊन आला. चहा चांगला झाला होता, जरा खारट, कारण आणलेली पुडी त्याने फोडली नव्हती आणि डबा भलताच उघडला होता. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि काहीच ऐकू न आल्यासारखा चेहरा केला. वहिनी पाचला खाली उतरल्या त्या उड्या मारतच. खून पुतण्याने नव्हे, माळ्याने केला होता. बागेतल्या.