पहिल्या कंटेनरची गंधपरीक्षा

अक्कलकोट रस्त्याच्या वळणावर ती पेटी प्रथम दिसली, तेव्हा वैशाखातलं ऊन इतकं प्रखर होतं की तिचा तांबडा रंग आधी डोळ्यांत शिरला आणि आकार मागाहून उमगला. वीस फूट लांब, माणसाच्या उंचीहून उंच, अंगभर उभ्या पन्हळींचा पत्रा आणि त्यावर पांढऱ्या रंगात रेखलेली परक्या मुलखाची अक्षरं! लांबलचक ट्रेलरवर विराजमान होऊन ती आमच्या कारखान्याच्या फाटकाशी थांबली आणि आतले माग एकामागून एक मुके झाले. विणकर बाहेर धावले. समुद्रापासून इतक्या दूर, जिथल्या ओढ्यांनाही उन्हाळ्यात पाण्याचं विस्मरण होतं, त्या आमच्या सोलापुरात जहाजाचा एक तुकडा चालत आला होता! सांगा, मन थाऱ्यावर कसं राहावं?

सत्तरचं दशक तेव्हा सरत आलं होतं. मी बावीस वर्षांची, नुकतीच बी.कॉम. झालेली, टॉवेल विणणाऱ्या त्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार सांभाळत होते. तोवर आमचा माल गासड्या बांधून ट्रकनं मुंबईला जाई. वाटेत दहा हात त्याला उचलत, आकडे खुपसत, बंदरावर तो उघड्यावर पडे आणि परदेशी पोचेतो एखादी तरी गासडी फाटलेली नाहीतर ओलावलेली निघे. अखेर हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यानं लिहिलं : यापुढे माल कंटेनरमधूनच पाठवा. तुमच्या दारी भरा, आमच्या दारी उघडू.

मुंबईच्या जहाज-एजंटनं त्यासोबत एक सचित्र पुस्तिका धाडली होती. ती मी एखाद्या प्रवासवर्णनासारखी वाचली! किती तऱ्हेच्या त्या पेट्या, आणि प्रत्येकीचा स्वभाव किती निराळा! मासे आणि फळं नेणारी, पोटात हिवाळा बाळगणारी शीतपेटी; कॉफीच्या बिया गुदमरू नयेत म्हणून अंगभर झरोके ल्यालेली; तेल आणि रसायनं वाहणारी, चौकटीत आडवी निजलेली टाकी. जेवणाच्या सुट्टीत मी ती चित्रं नरसय्यांना दाखवायची. नरसय्या आमच्याकडे मालबांधणीचे प्रमुख. साठीला टेकलेले, पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसणाऱ्या तेलुगू घरातले. घरी तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी आणि बोटांच्या चिमटीत अखंड तपकीर.

"आन ही बिनछपराची कशाला ओ बाई? पाऊस आला तर?" ते विचारत.

"अवजड यंत्रं दारातून आत जात नाहीत, नरसय्या. क्रेननं वरून सोडायची आणि मग ताडपत्री ओढायची."

"आन हिला तर भिंतीच न्हाईत की!"

"बॉयलर, होड्या, कशातच न मावणारा माल असतो ना, त्याच्यासाठी."

"मंग आपल्या टॉवेलाला कुटली?"

"साधी. चारी बाजूंनी बंद. कोरड्या मालाची."

"साधीच बरी," म्हणत ते समाधानानं तपकीर ओढत.

तीच साधी पेटी आज दारात उभी होती. शुक्रवारी जहाज सुटणार होतं आणि तो मंगळवार होता. दोन महिने विणकरांनी जादा पाळ्या करून माल पुरा केला होता. हा पहिला कंटेनर नीट पोचला तर वर्षभराचं काम मिळणार होतं, न पोचला तर अर्धे माग थंडावणार होते. मालक फाटकात नारळ घेऊन उभे होते. मी मात्र पुस्तिकेतलं वाक्य धरून बसले : माल भरण्यापूर्वी आत उभं राहून दारं लावून घ्यावीत, कुठूनही उजेड दिसला तर तिथून पाणी शिरेल.

मी आणि नरसय्या आत शिरलो. बाहेरून दारं मिटली, आणि काय तो अंधार! दुपारच्या दोन वाजता इतका निखळ काळोख मी पूर्वी पाहिला नव्हता. आम्ही माना वर करून छपराचा कोपरान्‌कोपरा न्याहाळला. सुईच्या अग्राएवढाही ठिपका नाही!

"पास!" नरसय्या आतूनच ओरडले. बाहेर टाळ्या झाल्या.

पण दारं उघडेपर्यंतच्या त्या दोन क्षणांत पेटी तापत गेली आणि फळ्यांच्या भुईतून काहीतरी वर आलं. आंबूस, खारट, जुनाट. मी उकिडवी बसून फळीला नाक लावलं. कातड्यांचा वास! पूर्वी कधीतरी हिच्यातून कच्ची कातडी गेली असावीत, आणि लाकडानं ती स्मृती जपून ठेवली होती.

"मला तर काय बी येईना," नरसय्या म्हणाले. कसं येणार? चाळीस वर्षांच्या तपकिरीनं त्यांचं नाक कधीच जिंकलं होतं. बाहेर मालकांनी, ड्रायव्हरनं, चार विणकरांनी दारातून हुंगून पाहिलं. दारं सताड उघडी, वारा खेळता. कुणालाच काही जाणवेना.

"बाई, तुम्ही पुस्तकं फार वाचता," मालक म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, म्हणून अधिक बोचला. "जहाज थांबणार आहे का तुमच्या नाकासाठी?"

माझे कान तापले. इतक्या माणसांच्या हर्षावर पाणी ओतण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? आणि तो वास माझ्या भयाचाच असला तर? पण मनात ते हॅम्बर्गचं दार उघडलं, कुणीतरी टॉवेल चेहऱ्याशी नेला... टॉवेल तर चेहऱ्याशीच नेतात ना!

"एक टॉवेल द्या," मी म्हणाले. "आत टांगते. दारं लावून दोन तास ठेवू. मग तुम्हीच हुंगा. तुम्हाला वास आला नाही, तर मी स्वतः माल भरायला उभी राहते."

मालकांनी घड्याळ पाहिलं. नरसय्यांनीच गठ्ठ्यातला एक शुभ्र टॉवेल काढला आणि आत जाऊन टांगला. ते दोन तास किती दीर्घ होते! ड्रायव्हर ट्रेलरच्या सावलीत झोपला. माग पुन्हा सुरू झाले, पण विणकरांचे डोळे अंगणाकडेच. चार वाजता दारं उघडली. मालकांनी टॉवेल हातात घेतला, चेहऱ्याशी नेला आणि तत्क्षणी दूर धरला.

"फिनेलनं धुवू की भुई," नरसय्या हळूच म्हणाले.

"मग टॉवेलांना फिनेलचा वास येईल," मालकच उत्तरले, आणि इतक्या ताणातही कुणीतरी फिस्सकन हसलं.

ट्रंक कॉल लागायला तास गेला. एजंटनं सांगितलं, शुक्रवारपर्यंत दुसरी बंद पेटी नाही. पुढचं जहाज पंधरा दिवसांनी. मालक खुर्चीत बसले आणि प्रथमच मला थकलेले वाटले. "तार लिहा," ते म्हणाले. "काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा."

मी सबब शोधली नाही. लिहिलं : पेटीला कातड्याचा वास. तुमच्या मालास लागेल. परत केली. पंधरा दिवस द्यावेत. रिकामी पेटी रस्त्यानं परत निघाली तेव्हा कुणी फाटकाशी आलं नाही. तीन दिवस कारखान्यात माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. त्या दिवसांत माझ्या टेबलावर रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवत, ते फक्त नरसय्या.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. चारच शब्द : थांबतो. स्वच्छ पेटीतून पाठवा. मी तो कागद घेऊन मालकांकडे अक्षरशः धावले! त्यांनी तो दोनदा वाचला आणि स्वतः मागांच्या शेडमध्ये जाऊन सर्वांना वाचून दाखवला.

दुसरी पेटी निळी होती. ट्रेलर थांबताच मालकांनी चपला काढल्या आणि ते आमच्याआधी आत चढले. "लावा दारं," त्यांनी आतून फर्मावलं. त्या काळोखात आम्ही तिघं उभे राहिलो. उजेडाचा ठिपका नव्हता. उष्मा वाढत गेला, कपाळावरून धारा ओघळू लागल्या. तिघंही मोठमोठे श्वास घेत होतो.

"बाई, काय येतंय?" मालकांचा आवाज.

"लोखंड. थोडा रंग."

"आणखी?"

मी फळीशी वाकले, पुन्हा हुंगलं. "आणखी... घाम येतोय. आपलाच."

मालक असे खदखदून हसले की पत्रा घुमला! नरसय्या हसले, मी हसले. बाहेरच्यांना वाटलं आत काही झालं, त्यांनी घाईनं दारं उघडली, तर आम्ही घामानं निथळत, डोळे पुसत, उन्हात उतरत होतो.

त्या संध्याकाळपर्यंत माल भरून झाला. इतक्या वर्षांनी वाटतं, काही माणसं बोलण्यातून उमगतात, काही कामातून. आमच्या मालकांची ओळख मात्र मला त्या मिट्ट काळोखात, त्यांचा चेहराही दिसत नसताना झाली. दाराचा अडसर लावण्यापूर्वी नरसय्यांनी शेवटच्या गठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, "तितं हॅम्बर्गला दार उघडतील तवा आदी हितली हवा भाईर येईल की न्हाय, बाई?"

"येईल की," मी म्हणाले.

"मंग लई झालं," म्हणत त्यांनी अडसर सारला.