घासलेटच्या डब्यातली बाग

आमच्या ह्यांना पगार मिळे तो शाळा चालवण्याचा, पण त्यांचा सगळा जीव घरातल्या वस्तू सुधारण्यात. वस्तू बिचाऱ्या आपापल्या जागी सुखात असायच्या. यांना ते बघवत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यापासून कोस-दीड कोसावरच्या एका गावात हे एकशिक्षकी शाळेवर मास्तर होते. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा बिनधुराची चूल तयार होती. चुलीतून धूर येत नसे हे खरं, पण तो भिंतीतल्या भेगेतून वाट काढून थेट देवांच्या फळीमागून निघे. देव आठ दिवसांत काळे झाले. मी भेग लिंपली आणि धूर पुन्हा चुलीतून येऊ लागला. "आता झाली ना साधी चूल," असं म्हणून हे दोन दिवस खिन्न होते.

मी भोरची. माहेरी नीरेचा घाट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पाणी म्हणजे वाकलं की मिळतं, अशी माझी समजूत. या गावात पावसाळ्यात घराची भिंत पाझरेल इतकं पाणी, आणि चैत्र लागला की ओढ्याच्या वाळूत झरा उकरायचा, करवंटीने थेंब थेंब घागर भरायची. एक घागर भरेपर्यंत गावातल्या सगळ्या सुनांची सगळी गाऱ्हाणी सांगून व्हायची. अशा चैत्रात यांनी जाहीर केलं की आपण ओसरीवर भाजी लावणार.

"आणि पाणी कोण आणणार?" मी विचारलं.

"तेच तर. झाडं आपलं पाणी आपण पिणार." यांच्या हातात टपालाने येणारं एक मासिक होतं. त्यात कुठल्याशा परदेशी माणसाच्या कुंड्यांचं चित्र होतं.

घासलेटचे पाच रिकामे डबे वेल्ह्याच्या बाजारातून आले. प्रत्येकाचं झाकण कापायचं, तळाशी कौलांचे तुकडे उभे करायचे, त्यावर भोकं पाडलेली फळी बसवायची. फळीच्या वर माती आणि खाली पाणी. मातीतून एक चिंधीची वात फळीच्या भोकातून खाली पाण्यात सोडायची, म्हणजे समईची वात जसं तेल ओढते तसं ती पाणी वर ओढणार. कोपऱ्यात वेळूची पोकळ नळी, तिच्यातून आठवड्यातून एकदा पाणी भरायचं. नळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा टाकून त्यावर एक काडी उभी केलेली. पाणी कमी झालं की काडी खाली जाणार. मला सगळं समजलं, ते कबूल करायला मात्र मी दोन दिवस लावले.

शेजारी एक एकटी बाई राहायची. वयाने आमच्या आईएवढी, पण अख्खी आळी तिला आक्का म्हणायची. नवरा गेलेला, लेकी दिल्या घरी, भाताची दोन खाचरं आणि चार कोंबड्या. एक गुडघा दुखरा होता, त्यामुळे झऱ्यावर दिवसातून एकच खेप करायची. ती आमच्या ओसरीच्या कडेला बसून डब्यांचं काम बघत होती.

"मास्तर, येवढा चांगला डबा चिरलात?"

"आक्का, यात झाडं लावायचीत. आपोआप पाणी पितील."

"आपोआप तर माजी म्हसरंबी पीत हुती," आक्का म्हणाल्या. "पर त्यास्नी पाय हुतं."

पहिली वात यांनी नव्या मांजरपाट कापडाची केली. त्याला खळ, पाणी काही चढेना. वर माती कोरडी ठक्क आणि खाली पाणी जसंच्या तसं. यांनी मासिकातलं चित्र उलटं धरून पाहिलं. मग एक दिवस मी झऱ्यावरून आले तर वाकळीसाठी ठेवलेलं माझं जुनेर लुगडं जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेलं.

"मऊ सूत हवं होतं," हे म्हणाले.

"तुमची धोतरं काय दगडाची आहेत?"

"धोतर मला नेसायचंय ना."

माझ्या लुगड्याने मात्र पाणी झपाझप ओढलं. संध्याकाळपर्यंत पाचही डब्यांतली माती ओली. दोन डब्यांत मिरची, बाकीच्यांत कोथिंबीर, मेथी आणि पुदिना. डबे राखेने आणि रिठ्याने घासले होते, तरी पहिली मेथी आली तिला कंदिलाचा वास. मी भाजी केली, हे मुकाट्याने जेवले. आक्कांनी वाटीतली चव घेतली आणि म्हणाल्या, "बरी हाय. निस्ती काडी वडू नगा हिच्याजवळ."

वैशाखात भोरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. नवरी आंबवड्याची. शाळेला सुट्टी होती, मी महिनाभर माहेरी राहायचा बेत केला होता. यांनी नळीतल्या काड्या मोजल्या, पाटीवर काहीतरी हिशेब मांडला आणि सांगितलं, "आठ दिवस. त्याच्यापुढे वात कोरडी पडते." म्हणजे माझं माहेरपण डब्याच्या बुडाशी किती पाणी मावतं यावर ठरलं. मी रुसून बघितलं, उपयोग झाला नाही.

निघताना हे आक्कांना बजावून गेले, "पाणी घालायचं नाही. अगदी एक थेंबही नाही. फक्त नजर ठेवा."

"मेली तर?"

"मरणार नाहीत."

"बरं," आक्का म्हणाल्या. "म्या निस्ती बघत बसते मग."

नसरापूरपर्यंत बैलगाडी आणि पुढे सर्व्हिस मोटार असे आम्ही भोरला गेलो. लग्न छान झालं. यांनी आंबवड्याच्या व्याह्यांना पंगतीत पाण्याच्या भांड्यात उपरण्याचं टोक बुडवून वात कशी चालते ते दाखवलं. व्याही सज्जन होते, त्यांनी कढी थंड होऊ दिली पण मध्ये बोलले नाहीत. माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिकडे सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं ठीक आहे, फक्त यांना डबे लागतात.

नवव्या दिवशी आम्ही परत आलो. गाडी आळीच्या तोंडाशी आली तेव्हाच मला दिसलं की आमच्या ओसरीवर दहा-पंधरा बायका उभ्या आहेत. आक्कांचं काही बरंवाईट झालं की काय! जवळ गेलो तर आक्का उंबऱ्याशी पाय पसरून बसलेल्या, धडधाकट. आणि पाचही डब्यांवर हळदकुंकवाची बोटं. एका डब्याच्या काठाला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या, दुसऱ्यापुढे नारळ. मधोमध कोथिंबीर अशी तरारलेली की भर वैशाखात डोळे निवावेत.

"हे काय?" यांनी विचारलं.

एक म्हातारी पुढे झाली. "मास्तर, तुमच्या घरात साती आसरा आल्या. घराला कुलूप, पान्याचा थेंब न्हाई, आन माती रोज वली. आमी सोता हात लावून बगितला."

पाण्याच्या जागी राहणाऱ्या त्या सात जणींना गावात सगळे मानत. ओढ्याच्या डोहावर त्यांचे शेंदूर फासलेले दगड होते. त्या वाट वाकडी करून घासलेटच्या डब्यात येतील असं मात्र कुणाला आधी वाटलं नव्हतं.

हे शाळेत पोरांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगणारे. त्यांनी अंगावरचा कोटही काढला नाही. एक डबा उचलून अंगणात नेला, मिरचीचं झाड मातीसकट उपसलं, फळी काढली आणि वात वर धरली. माझ्या लुगड्याचा काठ त्या उन्हात सगळ्या गावाने पाहिला. "ही वात! ही पाणी वर चढवते. देव नाही, देवी नाही, सूत आहे सूत!"

बायका वाकून बघत होत्या. म्हातारीने वात चिमटीत धरून पिळली. पाणी ठिबकलं. तिने समाधानाने मान हलवली.

"म्हंजी त्या ह्येच्यावरनं चढत्यात म्हना की," ती म्हणाली, आणि वातीला हात जोडले.

बायका गेल्यावर हे ओसरीवर मटकन बसले. त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना, म्हणून मी घरात पाणी आणायला गेले. बाहेरून आवाज ऐकू येत होता.

"आक्का, निदान तुम्ही तरी. तुम्ही रोज बसून बघत होतात सगळं काम. तुम्हाला ठाऊक होतं वात काय ती."

"व्हय, ठावं हुतं."

"मग हे कुंकू?"

"पयलं बोट म्याच लावलं." आक्कांच्या आवाजात जरासुद्धा ओशाळेपणा नव्हता. "तुमी गेला आन तिसऱ्या दिशी पुदिना निम्मा. येता-जाता एक दोन काड्या खुडती, दुसरी चार. समद्या आपल्याच लेकी-सुना, कुनाकुनाला आडवू? आन ह्या गुडघ्यानं कुनाच्या मागं पळू? म्हनलं, आसरा आल्यात. मंग कुनी बोट लावलं न्हाई."

"म्हणजे तुम्ही चक्क खोटं बोललात!"

"खोटं कसं? घरात मानूस न्हाई, माती वली. मला काय म्हाईत आत कोन बसलंय त्ये?"

मी पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा हे हसत होते. यांना स्वतःवर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, तोवर मी त्यांना जरा भिऊनच असे. त्या दिवसापासून ते भय गेलं ते गेलंच.

दोन दिवसांनी आक्कांनी आम्हाला आपल्या परसात बोलावलं. एका फुटक्या रांजणाच्या बुडात माती, मातीत गळ्यापर्यंत पुरलेलं एक कोरं मडकं, तोंडावर चपटा दगड. मडक्याभोवती भेंडीची आणि वांग्याची रोपं. वात नाही, फळी नाही, नळी नाही.

"कोरं मडकं घाम गाळतंच की," आक्का म्हणाल्या. "येकदा भरलं की चार दिस बगाया नगो. कुंभारनीला म्हनलं, कच्चं न्हाई आन लई पक्कंबी न्हाई, मदलं दे."

यांनी खाली बसून मडक्याजवळची माती चाचपली. मग मडक्यावर बोटाने टिचकी मारली. "वात कुजायची भीतीच नाही यात," एवढंच शेवटी म्हणाले. एक खेप करणाऱ्या बाईच्या परसात ज्येष्ठ अर्धा होईपर्यंत भेंडी निघत होती, आणि त्यातली पहिली मूठभर आमच्या घरी आली. आळीतल्या आणखी चौघींनी मडकी पुरली. आमच्यासारखे डबे कुणीच केले नाहीत.

यांनी त्या मासिकाला दोन्ही रीतींचा लेख लिहून पाठवला. पाठवण्याआधी आक्कांना वाचून दाखवला. त्यात त्यांचा उल्लेख 'एक अनुभवी कृषक स्त्री' असा होता. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ती कोन बया? ल्हिवा की, शेजारच्या आक्कानं केलं म्हनून." यांनी तसं लिहिलं. लेख काही छापून आला नाही.

पुढल्या वर्षी बदली झाली, भोरच्या बाजूला. चार डबे आक्कांना दिले. त्यांनी आमच्यादेखत माती उपसली आणि घासून उन्हात ठेवले, नाचणी भरायला. यांना ते लागलं. पाचवा डबा, मिरचीचा, यांनी बरोबर घेतला. नसरापूरपर्यंत तो त्यांच्या मांडीवर होता. मोटारवाल्याने मात्र आत घेऊ दिला नाही, टपावर बांधला. भोरला उतरलो तेव्हा वाऱ्याने एकही पान ठेवलं नव्हतं. नुसती काटकी उभी.

नव्या घराच्या पायरीवर यांनी तो डबा ठेवला आणि नळीतून काठोकाठ पाणी भरलं. पंधरा दिवसांनी त्या काटकीला बारीक हिरवे कोंब फुटले. यांनी मला हात धरून बाहेर नेलं. "बघ! एवढ्या प्रवासानंतरसुद्धा वात आपलं काम करतेय."

मी मान डोलावली. वरची माती कोरडी ठक्क पाहून मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं, मोटारीच्या हादऱ्यांनी वात केव्हाच निसटून बुडाशी पडली होती. रोज सकाळी हे शाळेत गेले की मी वरून तांब्याभर पाणी घालत होते.