परस्पर साहाय्य

पुरुषोत्तम दामले म्हणजे अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाचे सर्वात म्हातारे आणि सर्वात हट्टी सभासद. तरुणपणी ते कारखान्याच्या ट्रेनिंगसाठी प्रागला होते. अडुसष्ट साली तिथे रशियन रणगाडे शिरले, तेव्हा त्यांच्या घरमालकीणबाई कसनुसं हसून म्हणाल्या होत्या, "मित्रच आहेत आमचे. तसा करार आहे ना!" ते हसू दामलेकाका कधीच विसरले नाहीत.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात शिकागोकडच्या मोठ्या मराठी संघाने या चिमुकल्या मंडळापुढे मैत्रीचा करार ठेवला. हॉल त्यांचा, साउंड सिस्टिम त्यांची. बदल्यात गणपतीतला प्रत्येक कार्यक्रम त्यांना विचारून. म्हणजे मुलांच्या नाटकाचा निकालच लागला! नेपरव्हिलची पोरं दरवर्षी मोडक्यातोडक्या मराठीत स्वतः नाटक लिहायची. त्यात रावण पिझ्झा ऑर्डर करायचा आणि आईबापांची हसून मुरकुंडी वळायची. काकांचा सगळा जीव त्या नाटकात.

"काका, हॉल फ्री मिळतोय," अध्यक्ष राधिका म्हणाली. "साइन करून टाकू ना."

काकांनी मथळा मोठ्याने वाचला. "मैत्री, सहकार्य आणि परस्पर साहाय्य! अगं, युद्धानंतर रशियाने हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, सगळ्यांकडून ह्याच गोड शब्दांवर सह्या घेतल्या. चेकांनी तर युद्ध संपायच्या आधीच केली होती. मग बिचारे पाणी प्यायलासुद्धा मॉस्कोला विचारायचे. एकटं फिनलंड चिवट! तुमच्या भांडणात आम्हाला ओढू नका, हे त्यांनी करारातच घालून घेतलं."

"मग आपण काय करायचं?"

"आपण फिनलंड व्हायचं."

काकांनी दोन ओळी घातल्या. मुलांच्या नाटकात संघाने पडायचं नाही, आणि साहाय्य दोन्ही बाजूंनी करायचं. संघाचे अध्यक्ष संजय यांनी न वाचताच सही ठोकली. एवढ्याशा मंडळाच्या अटी कोण मनावर घेतो?

गणपतीत नाटक दणक्यात झालं. जेवणं उरकून संजय गाडीची किल्ली फिरवत निघाले, तोच काका खरकटं मोदकपात्र घेऊन आडवे आले.

"परस्पर साहाय्य," ते लाडात म्हणाले.

हॉलभर हशा पिकला. संजय यांनीही हसत बाह्या सरसावल्या आणि सिंक गाठलं. काका फडकं घेऊन शेजारी उभे राहिले. प्रागच्या त्या बाईंनी हे बघायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं आणि डोळे भरून आले.

"काय झालं, काका?"

"काही नाही रे. बूड नीट घास."