मोठ्या मायची झडप

फोपनार हे आमचं गाव सोडलं त्या सकाळी मोठी माय मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. आमच्या एकत्र घरातली ही थोरली काकू. आई शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे माझी वेणी, डबा, दुखणंखुपणं सगळं हिच्या हातचं. घरापासून रिक्षापर्यंतच्या एवढ्याशा वाटेत ती दोनदा थांबली. मला वाटलं, रडू आवरतेय. तिला रडताना बघवलं नसतं, म्हणून मी मागे वळलेच नाही. आमच्याकडच्या लालबाग स्टेशनवर रिक्षातून उतरेपर्यंत मला फक्त गाडी चुकण्याची चिंता होती.

पुण्यात मी परफ्युजनिस्ट झाले. ऑपरेशनसाठी हृदय थांबवतात, तेवढा वेळ शरीरात रक्त फिरवणारं यंत्र मी चालवते. गावात हा शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. मोठी माय सगळ्यांना सांगायची, पोरगी मोटारपंप चालवते.

मग एका दिवाळीला घरी गेले, तर ती तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. सगळे म्हणत, थकली आता. ती साठीचीसुद्धा नव्हती. मी तिला पुण्याला घेऊन आले. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं तिच्या हृदयाची एक झडप खराब केली होती. मी गाव सोडलं त्या सकाळी ती वाटेत दोनदा थांबली होती, ती रडू आवरायला नाही, दम लागला म्हणून. आता ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती, बदलायचीच होती.

सर्जननी तिला दोन्ही पर्याय समजावले. धातूची झडप टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रक्ताची तपासणी सारखी, आणि जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर गोळी थोडे महिने, पण काही वर्षांनी ती झिजते, मग पुन्हा ऑपरेशन. मी मनाशी धातूचीच ठरवली होती. ती माझ्याकडे राहील, लॅब तर बिल्डिंगच्या खालीच आहे.

"माह्या हातात दिवसभर विळा राहते," मोठी माय डॉक्टरांना म्हणाली. "केळीची पानं कापता कापता बोट कापतेच. मले वावरात जायचं आहे. दुसरी बसवा. झिजली तर येईन परत."

मग तिनं विचारलं, कोणत्या जनावराची. डुकराची, डॉक्टर जरा चाचरत म्हणाले.

"रानडुकरांनी आमची केळी लय खाल्ली," ती म्हणाली. "आता त्याहिले बी काही परत देऊ द्या."

डॉक्टर हसले. मी मात्र दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

घरच्या माणसाच्या ऑपरेशनला मी यंत्रावर बसणार नव्हते. माझी सहकारी बसली आणि मी पहिल्यांदाच बाहेरच्या बाकावर, नातेवाइकांमध्ये. आता हृदय थांबवलं असेल, हे मला घड्याळ बघून कळत होतं, आणि ते कळणं नको वाटत होतं. सहकारी मास्क उतरवून बाहेर आली. म्हणाली, झटका द्यावा लागला नाही, हृदय आपोआप सुरू झालं. तेव्हा मी रडले.

गोळ्या सुरू होत्या तोवर मोठी माय माझ्या फ्लॅटमध्ये राहिली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, लिफ्टमध्ये माझा हात. राहील इथेच, अशी मला आशा लागली होती. गोळ्या बंद झाल्या आणि तिनं स्वतःच पिशवी भरली. मी थांब म्हटलं.

"तू पण गेलीच होती ना तुह्या कामाले," ती म्हणाली. "मी अडवलं का तुले?"

आज ती पुन्हा वावरात जाते. बांधावरून चालता चालता फोन करते, आणि आधी मलाच विचारते, जेवली का.

घरचे सगळे विचारतात, पुण्यात गावाची आठवण येते का. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पेशंटला भेटते. पूर्वी फक्त उंची आणि वजन बघायची, यंत्राला तेवढंच लागतं. आता गाव विचारते, परत जाऊन काय करणार ते विचारते. कुणी म्हशींचं सांगतं, कुणी दुकानाचं. घाबरलेला माणूसही तेवढ्यापुरता नीट बसून बोलतो. मी ऐकत राहते, आणि तेवढा वेळ मला मी घरीच असल्यासारखं वाटतं.